पॉज होत नाही, आई!

शेवटचं सांगतो, एल्डन रिंग या व्हिडिओ गेमला पॉजचं बटण नाही. २०२२ सालापासून घरात हेच सांगतोय. तरी मलेनियाचं, म्हणजे त्यातल्या सगळ्यात खडूस शत्रूचं, रक्त बोटभर उरलं की स्वयंपाकघरातून हाक आलीच, "अरे, दोन मिनिटं थांबव ते आणि गिरणीतून दळण घेऊन ये."

दोन मिनिटं! ही मलेनिया बया आपल्याला मारते तेव्हा तिचं रक्त भरतं. ढालीवर वार झेलला तरी भरतं, हा कुठला न्याय? त्यात ती एक पाय उचलून हवेत तरंगते आणि मग सपासप सपासप. जवळ असलो की खेळ खल्लास. त्या एका चालीसाठी मी आठवडाभर नुसता पळायला शिकलोय. रक्तस्राव करणारी तलवार प्लस दहापर्यंत नेली, रक्त भरून काढणारे चौदाच्या चौदा फ्लास्क जमवले, व्हिगर म्हणजे आपली रक्ताची ताकद साठ केली. एवढी तयारी मी बारावीला केली असती तर... जाऊ दे.

बरं, आई नाही तर लाइट. आमच्या सिडकोत पावसाचे चार थेंब पडले की गेलीच. परवा मलेनिया दुसऱ्या फेरीत, फक्त दोन वार बाकी, आणि खट्ट! अंधार. शेजारचा इन्व्हर्टर तेवढा टीं टीं करत होता.

काल रात्री पावणेदोनला पडली एकदाची. ओरडायचीही सोय नाही, बाबा झोपलेले. उशीत तोंड खुपसून नाचलो. सकाळी आई म्हणते, "संपला ना गेम? मग दळण आण."