नाक समितीचा अहवाल

दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसू नये, असं आई लहानपणापासून सांगत आली. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेनं ठराव केला, की मी ते खुपसावं. सूचक दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, अनुमोदक खजिनदार. ठराव एकमतानं मंजूर झाला, म्हणजे माझं मत कुणी विचारलं नाही.

सुरुवात काकूंच्या बाथरूममधून झाली. सिंहगड रस्त्यालगतची आमची चार मजली इमारत, सोळा फ्लॅट. सगळ्यांची बाथरूमं आणि धुण्याच्या बाल्कन्या एका डक्टला लागून आहेत. या डक्टमधून कबुतरं, आंघोळीची गाणी आणि नवराबायकोची भांडणं असा सगळा व्यवहार पूर्वापार चालतो, त्याला कुणाची हरकत नसते. पण मध्येच काकूंना तिथून तंबाखू जळल्याचा वास यायला लागला. वास साधासुधा नाही, ठसका लावणारा. काकूंनी नाकाला पदर लावला आणि त्याच क्षणी आरोपीही ठरवून टाकला : ३०३.

का, तर ३०३ मध्ये भाडेकरू राहतो. आमच्याकडे पाण्याची टाकी वाहिली, लिफ्ट अडकली, जिन्यात कुठल्या कुत्र्यानं कार्यभाग उरकला, तरी तपास ३०३ पासूनच सुरू होतो. त्यातून हा मुलगा लातूरकडचा, हिंजवडीत नोकरीला, एकटा राहणारा आणि सिगारेट ओढणारा. ओढतो हे खुद्द त्यानंच विचारल्यावर सांगितलं होतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा.

रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. विषय एकच : 'सोसायटीत धूम्रपानबंदी व भाडेकरूंबाबत धोरण'. ३०३ चे मालक दुबईहून व्हिडिओ कॉलवर होते. चेअरमनसाहेबांच्या स्कूटरच्या आरशाला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून ते म्हणाले, की अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये चौदावं कलमच आहे, घरात धूम्रपान करू नये. हे खरं असणार. पण करारावर सही करणारा माणूस डिपॉझिटचा आकडा वाचतो, भिंतीला खिळे ठोकू नयेत इथपर्यंत येतो आणि तिथे त्याचा दम संपतो. चौदाव्या कलमापर्यंत पोचलेला भाडेकरू मी अजून पाहिलेला नाही. मीही अकरा वर्षं भाड्यानं राहिलोय.

मग तळमजल्यावरचे वकीलसाहेब उठले. ते एरवी खरेदीखतं करतात, त्यामुळे भांडणाचा विषय मिळाला की त्यांना माहेरी आल्यासारखं होतं. त्यांनी २००१ पासून सुरुवात केली : मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली, मग २००३ चा कायदा आला, मग नवे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले, दंड २०० रुपयांपर्यंत. "मुद्द्यावर या," चेअरमन म्हणाले. मुद्दा असा, की घर हे सार्वजनिक ठिकाण नाही. पण जिना? ज्या जागी जनतेला प्रवेश आहे, मग तो हक्कानं असो वा नसो, ती सार्वजनिक जागा.

"आपल्या जिन्यात जनता येते का?"

"कुरिअरवाला येतो की."

"कुठे येतो? खालून फोन करतो आणि आपल्यालाच उतरवतो. उलट जनता आपण झालो."

"वॉचमनचं ते कामाचं ठिकाण आहे. कामाच्या ठिकाणी बंदी आहे."

"तो तिथे झोपतो."

"मग ते त्याचं घर झालं. घराला कायदा लागत नाही."

हे असं वीस मिनिटं चाललं. मग कुणीतरी बाल्कनीचा विषय काढला. कायद्यानं खुली जागा सार्वजनिक ठिकाणातून वगळलेली आहे, तर बाल्कनी खुली जागा धरायची की नाही? यावर सभेत जी शांतता पसरली, तशी आमच्याकडे शोकसभेतही पसरत नाही. सोळापैकी अकरा जणांनी बाल्कनी बंद करून खोलीत घेतलेली आहे. हा प्रश्न इतिवृत्तात लिहू नये, असं सर्वानुमते ठरलं.

सगळ्यात कडाडून बोलले ते खजिनदार. "ह्या धुरानं आमच्या पोराबाळांनी..." एवढं बोलून ते थांबले, पार्किंगच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन पिंक टाकून आले आणि पुढे म्हणाले, "...काय शिकायचं?" त्यांच्या डाव्या तळहातावर पुढचा बार तयार होत होता. चुना लावून झाला होता, अंगठा फिरत होता.

तेव्हा आमचे निवृत्त रसायनशास्त्राचे सर उभे राहिले. सर बोलले की कुणी ऐकत नाही, ही सवय त्यांना चाळीस वर्षं वर्गात लागलेली आहे. ते म्हणाले, २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांत ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि तोंडात धरणारे, चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. "तेव्हा आपण शंभरातल्या चौघांवर सभा घेतली आहे, बाकीचे चोवीस खुर्च्यांवर बसलेत." खजिनदारांनी टाळी वाजवली. तंबाखूवर, चुना झटकायला. सर खाली बसता बसता पुटपुटले, "आणि गरम हवा वर जाते. ३०३ तर काकूंच्या वर आहे. सातवीच्या पुस्तकात आहे हे."

"सर, शाळा मध्ये आणू नका," चेअरमन म्हणाले.

सातवीचं ते वाक्य तेव्हा कुणी ऐकलं असतं, तर माझे पुढचे पंधरा दिवस वाचले असते.

समिती त्रिसदस्यीय ठरली. काकू फिर्यादी म्हणून. सर शास्त्रज्ञ म्हणून, मात्र त्यांना सायनसमुळे दहा वर्षं कसलाच वास येत नाही. आणि मी, नाक म्हणून. "तुम्हाला कळेल कुठला वास ते. तुम्ही पूर्वी ओढायचात ना?" काकू भर सभेत म्हणाल्या. आमच्या शेजारी नुकतंच राहायला आलेलं जोडपं माझ्याकडे वळून बघायला लागलं.

हो, ओढायचो. आणि सुटली कशी, तेही सांगून टाकतो, कारण त्यात मनोनिग्रह वगैरे काही नव्हता. २००८ च्या त्या २ ऑक्टोबरनंतर आमच्या ऑफिसातली जिन्याखालची जागा गेली. ऑफिस सहाव्या मजल्यावर, लिफ्ट साहेबांसाठी. एका सिगारेटपायी सहा मजले उतरायचे आणि सहा चढायचे. महिनाभरात माझ्या लक्षात आलं, की डॉक्टर ज्याला सिगारेटचा दम म्हणत होते तो जिन्याचा होता. दोन्हींपैकी एक सोडणं भाग होतं. जिना सोडला असता तर नोकरी गेली असती.

नियमाप्रमाणे पाटीही लागली. ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, 'येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे'. खाली तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहावं लागतं. तिथे माझं नाव, फ्लॅट नंबर आणि मोबाइल आला. वकीलसाहेबांनी नंतर लिफ्टमध्ये हळूच सांगितलं, की तक्रार येऊनही संबंधित माणसानं काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याला होऊ शकतो. म्हणजे ओढणाऱ्याला एकदा, मला प्रत्येकाचा. "घाबरू नका," ते म्हणाले, "जिना सार्वजनिक आहे हे अजून सिद्ध कुठे झालंय?"

पाटी लागल्या रात्री अकराला बेल वाजली. चौथ्या मजल्यावरून तक्रार : वास येतोय. गेलो. डासांची कॉइल. दुसऱ्या दिवशी पहाटे फोन : वास. गॅलरीत कुणीतरी नारळाच्या शेंड्या पेटवून बंब तापवत होतं. गुरुवारी संध्याकाळी पहिल्या मजल्यावरून तक्रार आली, ती खुद्द काकूंविरुद्ध. गुग्गुळाचा धूप. काकूंनी समिती सदस्य या नात्यानं ती तिथल्या तिथे फेटाळली. आमच्या सोसायटीत धुराच्या जाती आहेत. देवाचा धूर, डासांचा धूर, फोडणीचा धूर, आणि भाडेकरूचा धूर. बंदी शेवटच्या एकालाच.

मग ३०३ गाठलं. तो बाल्कनीतच होता, त्याची अजून उघडी आहे. (मालक दुबईला असण्याचा हा एक फायदा.) त्यानं पाकीट पुढे केलं. "काका, घेणार?"

"मी तपासाला आलोय."

"मग तपासा ना."

मी वारा जिकडे वाहत होता त्या बाजूला जाऊन उभा राहिलो. केवळ तपासापुरता. खोल श्वास घेतला. आणखी एक घेतला. नाकाला जुनं माणूस भेटल्यासारखं झालं, पण प्रामाणिकपणे सांगतो, काकूंच्या बाथरूममधला वास हा नव्हे. हा कागदाचा, फिल्टरचा, शहरी वास. तो मुलगा चांगला निघाला. वर, खाली, समोर विचारून ओढतो, थोटकं डबीत साठवून कचऱ्यात टाकतो. पाकीट परवडत नाही म्हणून एरवी गेटसमोरच्या टपरीवरून सुटी घेतो. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, त्यामुळे टपरीवाला ती देताना आधी डावीउजवीकडे बघतो. पूर्वी बघत नसे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकता येत नाही, म्हणून टपरीही त्यानं पावलं मोजूनच मांडली आहे म्हणतात. पावलं कुणाची, ते कळलं नाही.

घरी आलो तर बायकोनं दारातच शर्टाची कॉलर हुंगली. "समिती आहे," मी म्हणालो. "सतरा वर्षांनी समिती?" ती म्हणाली. तो शर्ट दोन दिवस दाराबाहेर टांगलेला होता. त्यावरूनही एक तक्रार आली.

पुढच्या शनिवारी दुपारी तीनला काकूंचा फोन. "या लवकर, आत्ता येतोय!" धावलो. बाथरूममध्ये उभं राहवेना, डोळ्यांतून पाणी. पण ३०३ ला कुलूप. मुलगा गुरुवारपासून गावी. सर डक्टच्या जाळीत हात घालून शांतपणे म्हणाले, "खालून येतंय. ऊब लागतेय बघा."

मी डोळे मिटले. कागद नाही. बिडीचं पान नाही. नुसता तंबाखू, आणि जळलेला नव्हे, भाजलेला. लोखंडावर. एकदम आजोळचं परसदार दिसलं, तीन दगडांची चूल, आणि "पोरांनो, लांब व्हा" म्हणणारी आजी.

मशेरी!

खालचा फ्लॅट १०२. चेअरमनसाहेबांचा. मी एकटाच उतरलो. दार त्यांच्या आईंनी उघडलं. कऱ्हाडकडच्या आहेत, पंच्याऐंशीच्या पुढच्या. मागे खकाणा नुसता कोंडलेला.

"ये रं बाबा. दार लाव आधी. ठसका लागला व्हय? आज जरा जादाच करपली." धुण्याच्या बाल्कनीत छोट्या शेगडीवर तवा होता, तव्यावर काळाभोर होत आलेला तंबाखू. लेक शनिवारी दुपारी सासुरवाडीला जातो, सून त्याच्याबरोबर, तेवढ्यात आठवड्याची भाजून कुटून डबीत भरायची, अशी ही व्यवस्था.

"आजी, सोसायटीत धूम्रपानबंदी झालीय."

"झाली ती ब्येस झाली. म्या कुठं वडती? म्या लावती."

मी मनातल्या मनात कायदा उघडला. सिगारेट आहे, बिडी आहे, चिरूट आहे, नळी आहे. तव्याचं नाव नाही. वकीलसाहेबांनाही यातून वाट काढता आली नसती.

तरी जबाबदारी म्हणून सांगितलं, की आजी, मशेरीनं तोंडाचा कॅन्सर होतो. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

"मग लावता कुठे?"

"हिरडीला. सवय दाताची नसती रं, बोटाची असती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या वरच्या पोराला काढायचं म्हन्तोय ह्यो. त्याला काढू नगंसा. पुडी त्योच आनतो मला. लेकाला सांगितलं तर वरडतो."

म्हणजे आरोपी मुलाला सगळं ठाऊक होतं. भर सभेत चेअरमन त्याला बाहेर काढायचं म्हणत असताना तो खाली मान घालून मोबाइल बघत बसला होता.

मी रात्री जागून अहवाल लिहिला. 'सखोल तपासाअंती समितीचे असे मत झाले आहे, की सदर वासाचा उगम धूम्रपानात नाही. ३०३ मधील रहिवाशाचा संबंध आढळला नाही.' दुसरं वाक्य लिहिताना पेन थोडं अडखळलं. सरांनी वाचून सही केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, ऊब त्यांच्याच हाताला लागली होती.

काकूंनी सही करायला नकार दिला. "धूम्रपानात नाही, तर मग कशात आहे?"

"समितीकडे विषय धूम्रपानाचा होता."

"अहो, पण वास?"

"त्यासाठी वेगळी समिती लागेल."

चेअरमनसाहेबांनी अहवाल सभेत मोठ्यानं वाचून दाखवला आणि माझ्या नाकाचं जाहीर कौतुक केलं. ३०३ चा करार आणखी अकरा महिन्यांनी वाढला. चौदावं कलम तसंच आहे.

परवा शनिवार होता. तीन वाजून पाच मिनिटांनी काकूंचा फोन आला, पाटीवर नंबर माझाच आहे. म्हटलं, लगेच बघतो. न्हाणीतला टॉवेल ओला केला, १०२ मध्ये गेलो, डक्टकडच्या खिडकीच्या फटीत तो कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरला आणि खोकत विचारलं, "आजी, झालं का?"

"थांब जरा," त्या तवा झटकत म्हणाल्या, "अजून दोन तवे ऱ्हायल्यात."