खिशात मावणारी पंचाईत

गाणी ऐकण्यासाठी, आणि गाणी ऐकण्याव्यतिरिक्त अन्य कोणत्याही कामासाठी नव्हे, असे एखादे खिशात मावणारे यंत्र घ्यावे, ही माझी इच्छा ज्याला ज्याला सांगितली त्याने प्रथम माझ्या हातातील फोनकडे आणि मग चिंतेने माझ्याकडे पाहिले. फोन असताना वेगळा म्युझिक प्लेअर मागणारा माणूस एक तर फार जुना असतो किंवा फार शौकीन, आणि यांपैकी आपण कोण हे सांगितल्याशिवाय त्याला पुढे बोलू दिले जात नाही. माझे कारण खरे तर साधे होते. गायक समेवर येणार, एवढ्यात फोनमध्ये खण् असे वाजते आणि मी कधीही न मागितलेले कर्ज मला मंजूर झाल्याचे कळते. शिवाय बहुतेक नव्या फोनांना हेडफोनची वायर खुपसण्याचे भोकच राहिलेले नाही. २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ मधून ते काढून टाकले, तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून या कृतीमागे धैर्य असल्याचे सांगितले; भोक बुजवायला धैर्य लागते, ही गोष्ट तोपर्यंत गवंड्यांनाही ठाऊक नव्हती.

माझी कल्पना अशी होती की ही जात आता नामशेष होत आली असल्यामुळे निवड सोपी जाईल. १९९८ मध्ये एमपीमॅन नावाचा पहिला एमपीथ्री प्लेअर बाजारात आला, तेव्हा त्यात ३२ मेगाबाईट जागा होती, म्हणजे बऱ्यापैकी आवाजात जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. काय ऐकायचे याचा निर्णय माणूस घरातून निघण्यापूर्वीच घेऊन टाकत असे आणि दिवसभर त्या आठ गाण्यांशी एकनिष्ठ राहत असे. त्याच वर्षी आलेल्या रिओ या प्लेअरवर अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाने खटला भरला, १९९९ मध्ये अपिलात निकाल प्लेअरच्या बाजूने लागला, आणि २००१ मध्ये आयपॉड ५ गिगाबाईट जागेत हजार गाणी घेऊन आला. २०२२ मध्ये तो आयपॉडही बंद झाला. राजा गेला, आता उरल्यासुरल्या चार सरदारांतून एकाला निवडायचे, एवढाच प्रश्न आहे असे मी समजत होतो. प्रत्यक्षात राजा गेल्यावर सरदार वाढतात.

बाजारात आज दोन टोके आहेत. एका टोकाला काडेपेटीएवढी यंत्रे आहेत, ज्यांची माहितीपत्रिका यंत्राहून मोठी असते आणि तिच्यातही ‘पाण्यात टाकू नये’ याखेरीज उपयोगी असे काही नसते. दुसऱ्या टोकाला धातूची, जाडजूड, कोपरे टोकदार असलेली यंत्रे आहेत, जी खिशात ठेवली असता खिसा आपला राहत नाही. यांना ‘पोर्टेबल’ म्हणतात, कारण दोन्ही हात मोकळे असतील तर ती उचलता येतात. मधल्या पट्ट्यात काय आहे हे समजावून घेण्यासाठी मी भाच्याला बोलावले. माझा भाचा या विषयातला जाणकार आहे, म्हणजे त्याच्याकडे गाणी कमी आणि हेडफोन जास्त आहेत.

“मामा, तुला ऐकायचंय काय?” असा प्रश्न तो विचारील अशी माझी अपेक्षा होती. त्याने विचारले, “मामा, तुला किती किलोहर्ट्झ पाहिजेत?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला जे शिकावे लागले ते असे. किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार वेळा. साधी सीडी दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, घेते आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिते. नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज त्यातून जसाच्या तसा परत मिळतो, म्हणजे सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा. माणसाचा कान, तोही तरुण आणि निरोगी असेल तर, २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर वरून झिजत येतो. हिशेब इथे संपायला हवा होता. परंतु यंत्रांच्या खोक्यांवर १९२, ३८४ आणि ७६८ असे आकडे सोनेरी अक्षरांत छापलेले असतात. वटवाघळांच्या बहुतेक हाका २० ते १२० किलोहर्ट्झच्या दरम्यान असतात, तेव्हा ३८४ किलोहर्ट्झचे यंत्र वटवाघळाला सहज पुरेल आणि ७६८ चे घेतल्यास त्याच्या मुलाबाळांचीही सोय होईल; माझ्यासाठी त्यात काय आहे हे मात्र खोक्यावर लिहिलेले नव्हते.

बिटांची कथा याहून थरारक आहे. एका बिटामागे साधारण ६ डेसिबल, या हिशेबाने १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामध्ये ९६ डेसिबलचे अंतर मावते आणि २४ बिटांत १४४ चे. शांत खोलीतही ३० डेसिबलची कुजबुज असतेच. तिच्यावर हे १४४ रचले तर १७४ होतात, आणि १२० च्या आसपासच कान दुखू लागतात. म्हणजे २४ बिटांचा पुरेपूर उपभोग एकदाच घेता येतो, त्यानंतर ऐकण्याचा प्रश्न उरत नाही. एकीकडे जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ठीक, ९० असतील तर ४ तासच. आणि दुसरीकडे प्रत्येक यंत्र आपली ताकद मागच्या वर्षीपेक्षा दुप्पट झाल्याचे अभिमानाने जाहीर करते. कानांनी ताकद वाढवल्याचे मात्र अजून कोणी जाहीर केलेले नाही.

जागेचे म्हणाल तर १९२ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांचे, न दाबलेले, एक तासाचे ध्वनिमुद्रण ४ गिगाबाईटांहून अधिक जागा खाते. हजार गाण्यांच्या त्या पहिल्या आयपॉडात अशा दर्जाचा जेमतेम सव्वा तास मावला असता. दोन दशकांत आपण इतकी प्रगती केली, असे मी भाच्याला म्हणालो, तेव्हा त्याने मला फ्लॅक या प्रकाराची माहिती दिली, ज्यात फाईल साधारण निम्मी होते आणि एकही बिट हरवत नाही. हा प्रकार खरोखर चांगला आहे, फुकट आहे आणि बहुतेक सगळ्या यंत्रांवर चालतो, म्हणूनच बहुधा त्याच्याविषयी कोणी भांडत नाही.

भांडण असते ते आवाजाच्या पोताविषयी. यंत्रांची परीक्षणे वाचताना मला आधी वाटले की मी चुकून शालींचे परीक्षण उघडले आहे. एक यंत्र उबदार होते, दुसरे थंड, तिसऱ्याचा खालचा सूर मखमली आणि वरचा किंचित खरबरीत. एका परीक्षकाला गाण्यातील शांतता जास्त काळी वाटली होती आणि त्याने त्याबद्दल अर्धा तारा वाढवून दिला होता. नवे यंत्र शंभर तास वाजत ठेवल्याशिवाय त्याचा खरा आवाज उमलत नाही, असेही हे लोक सांगतात आणि त्यासाठी ते ड्रॉवरमध्ये चालू करून ठेवायला सुचवतात. बंद ड्रॉवरमध्ये, कोणी ऐकत नसताना, शंभर तास गाणारा गायक ही कल्पना मला अत्यंत करुण वाटली. माझे स्वतःचे मत असे की या काळात उमलतो तो आवाज नसून आपण एवढे पैसे घातले या गोष्टीची कानांना झालेली सवय असते.

मग भोके. वायर खुपसण्यासाठी पूर्वी साडेतीन मिलिमीटरचे एक भोक असे. आता अडीच मिलिमीटरचे, ४.४ मिलिमीटरचे आणि जुने साडेतीनचे अशी तीन असू शकतात, आणि कोणत्या भोकात काय घालावे याचे शास्त्र आहे. यंत्राचा स्वतःचा विद्युत अवरोध हेडफोनच्या अवरोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा एक ठोकताळा आहे. माझे इअरफोन १६ ओहमचे, म्हणजे यंत्र २ ओहमच्या आत हवे. वधूवरांच्या पत्रिकेतसुद्धा इतके काटेकोर पाहत नाहीत. आणि एवढे सगळे जुळवून झाल्यावर भाचा म्हणाला, “बाकी मी ब्लूटूथवरच ऐकतो.” ब्लूटूथच्या साध्या पद्धतीत सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट जातात आणि एलडॅक या उत्तम पद्धतीत फार तर ९९०, सीडीलाच न दाबता १,४११ लागतात आणि त्याच्या आवडत्या १९२ किलोहर्ट्झ, २४ बिटांच्या फायलींना ९,२१६. बाकीचे कुठे जातात हे मी विचारले नाही.

माझ्या स्वतःच्या मागण्या दोनच होत्या आणि त्या कोणत्याही तक्त्यात नव्हत्या. पहिली अशी की सलग मैफल दोन फायलींत विभागलेली असेल तर मध्ये तुटू नये. एमपीथ्री पद्धत आवाजाचे १,१५२ नमुन्यांचे घास करते, आणि शेवटचा घास पुरा भरला नाही तर त्यात शांतता कोंबून तो पुरा करते. यंत्राने ती शांतता ओळखून गाळली नाही, तर विलंबितातून द्रुतात जाताना गायकाला उचकी लागल्यासारखे होते. दुसरी मागणी अशी की पडद्यावर गाण्याचे नाव वाचता यावे. फाईलच्या शेपटाला १२८ बाईटांची चिठ्ठी जोडून तिच्यात नाव लिहिण्याची पद्धत १९९६ मध्ये सुरू झाली, आणि त्या चिठ्ठीत गाण्याच्या नावासाठी ३० बाईटच ठेवलेले होते. आजच्या प्रचलित पद्धतीने देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह तीन बाईट घेते, म्हणजे काना-मात्रांसकट दहा चिन्हे. पुढे चिठ्ठी मोठी झाली, पण यंत्रांचे अक्षरज्ञान वाढले नाही. मी पाहिलेल्या एका महागड्या यंत्रात सगळी नावे चौकटींच्या रांगांत दिसत होती; दुसऱ्यात अक्षरे होती, पण प्रत्येक जोडाक्षराचा पाय मोडलेला आणि ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या मागे जाऊन उभी राहिलेली. सेकंदाला ७,६८,००० नमुने मोजू शकणाऱ्या यंत्राला एक वेलांटी जागेवर ठेवता येऊ नये, याचे विक्रेत्याला काहीच वाटले नाही. तो म्हणाला, “पुढच्या अपडेटमध्ये येईल.”

अपडेट या शब्दाची मला तेव्हापासून धास्ती आहे, कारण याच सुमारास मी झूनची हकीकत वाचली. मायक्रोसॉफ्टच्या या प्लेअरची ३० गिगाबाईटची यंत्रे ३१ डिसेंबर २००८ रोजी जगभर एकदम गोठली. ते लीप वर्ष होते, आणि वर्षाला तीनशे सहासष्टावा दिवस असू शकतो हे आतल्या घड्याळाला पचले नव्हते. कंपनीने सुचवलेला उपाय असा होता की बॅटरी पूर्ण संपू द्यावी आणि नवे वर्ष लागल्यावर पुन्हा सुरू करावे. इतका शांत, वडीलधारा सल्ला तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात दुसरा नसेल. त्यानंतर मी प्रत्येक विक्रेत्याला “लीप वर्षाचे काय?” असे विचारू लागलो, आणि त्यांपैकी एकालाही मी विनोद करतो आहे असे वाटले नाही, एकाने तर तेही पुढच्या अपडेटमध्ये येईल असे आश्वासन दिले.

शेवटी हा घोळ मिटवण्यासाठी बायकोने परीक्षा घेण्याचे ठरवले. परीक्षार्थी अर्थातच भाचा. मी पर्यवेक्षक म्हणून नाव दिले होते. तिने त्याचे डोळे बांधले, एक तुकडा ऐकवला, थोडे थांबून दुसरा ऐकवला, आणि यांतला २४ बिटांचा कोणता असे विचारले. “दुसरा, मामी. लगेच कळतं. पहिल्यात सगळं कसं पडदा टाकल्यासारखं होतं, दुसऱ्यात वाद्यं सुटी सुटी झाली.” तिने दोन्ही वेळा एकच फाईल लावली होती, दुसऱ्या वेळी आवाज फक्त एक खूण चढवला होता. किंचित मोठा आवाज माणसाला अधिक मोठा न वाटता अधिक चांगला वाटतो, हे ध्वनितज्ज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि माझ्या बायकोला ते घरातील वादविवादांवरून ठाऊक होते.

भाच्याचे सांत्वन करावे म्हणून मी त्याला २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगाविषयी सांगितले. त्यात ऐकणाऱ्यांना उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले ध्वनिमुद्रण यांतला फरक ओळखायचा होता, आणि ५५४ प्रयत्नांपैकी बरोबर आले २७६. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते, आणि नाण्याला हेडफोन लागत नाहीत. भाच्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “त्यांच्या वायरी साध्या असतील.”

निवड त्यानंतर फारशी लांबली नाही, कारण बायकोने पुढचा प्रश्न मला विचारला. “अहो, खिशातून न काढता पुढचं गाणं लावता येतं का त्यात?” या एका प्रश्नाने काचेचे पडदे असलेली सगळी यंत्रे बाद झाली, कारण काच बोटांना काहीच सांगत नाही. बटणांची तेवढी उरली. त्यांतून सलग मैफल न तोडणारी वेगळी काढली, त्यांतून साडेतीनचे भोक असलेली, आणि त्यांतून ज्यांची बॅटरी निकामी झाल्यावर बदलून मिळू शकते अशी; तेव्हा हाती एकच यंत्र आले. ते काळे आहे, दिसायला सुमार आहे, जोडाक्षरांचे पाय त्यातही मोडतात, पण वेलांट्या जागेवर आहेत. खोक्यावर एका कोपऱ्यात २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ असेही छापलेले आहे. ते मी नंतर पाहिले.

भाच्याने मात्र ते सर्वांत आधी पाहिले. यंत्र उलटेपालटे करून, बटणांकडे सहानुभूतीने बघून, त्याने इअरफोन कानाला लावले, डोळे मिटले आणि दोन मिनिटांनी मान डोलावली. “मामा, बघ, मी सांगत होतो ना, २४ बिटांत किती मोकळं वाटतं ते.” माझी सगळी गाणी जुनी एमपीथ्री आहेत, आणि यंत्र त्याच्या हाती देण्यापूर्वी बायकोने ते माझ्याकडून घेऊन आवाज एक खूण चढवला होता.