वाढीव

आमच्या घराण्यात चाळिशी आली की पुरुषाचे केस निघून जातात. वडिलांचे गेले, दोन्ही काकांचे गेले, थोरल्या भावाचे तर पस्तिशीतच निरोप न घेता गेले. मला ४२ वं लागलं तरी माझे जागचे हललेले नाहीत. दाट तर असे की सकाळी लावलेलं खोबरेल कातडीपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. आई याचं सगळं श्रेय स्वतःच्या माहेराला देते. मी म्हटलं, उद्याचा भरवसा नाही, आहेत तोवर वापरून घ्यावेत. केस वाढवायला घेतले त्यामागं एवढंच कारण होतं.

केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात. मी पतसंस्थेत नोकरीला, त्यामुळं हिशेब लगेच मांडला. सहा महिन्यांत कान झाकतील, वर्ष-सव्वा वर्षात मागं रबर बसेल, दोन वर्षांत खांदा. हिशेब बरोबर होता, दिशा चुकली. पातळ केस खाली वाढतात. दाट केस आधी बाजूला वाढतात, मग वर, आणि सगळीकडं फिरून जागा संपली की मग खाली बघतात. चौथ्या महिन्यात माझ्या दोन्ही कानांवर पत्र्याच्या पागोळ्या आल्या. हेल्मेट डोक्यात जाईना. जोर लावून घातलं तर काढल्यावर केसांना त्याचा आकार दिवसभर राहायचा, म्हणजे हेल्मेट काढलंय यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

त्यात मला दोन भोवरे. दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात असं लहानपणी आत्यानं सांगितलं होतं. ते काही झालं नाही (बायको हा लेख वाचणार आहे), पण केसांची वाहतूक मात्र कायमची तुंबली. टाळूवर चारी दिशांनी येऊन सगळे एकमेकांच्या अंगावर. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर वाहतूक सुटायला निदान भुयारी ग्रेड सेपरेटर तरी झाला.

मग पाऊस लागला. साताऱ्यातला पाऊस म्हणजे अजिंक्यतारा आठ-आठ दिवस दिसत नाही, आणि दोरीवरचा टॉवेल धुतल्यापेक्षा जास्त ओला होतो. केस हवेतली ओल पितात आणि फुगतात. माझे तर आधीच जेवून बसलेले. सकाळी सातला न्हायलो की दुपारी दोनला मुळं अजून ओली, वरचे केस मात्र कापूस पिंजल्यासारखे. बायको म्हणाली, "अहो, उशीला वास येतोय." त्या दिवसापासून डोक्यावरून न्हाणं फक्त रविवारी. ते तिथीसारखं पाळलं जाऊ लागलं.

ऑगस्टमध्ये माझा धीर सुटला आणि मी आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये गेलो. "लांबी ठेव, फक्त हलके कर," म्हणालो. "थिनिंग मारतो दादा, कळणार पण नाय," तो म्हणाला. थिनिंगची कातर म्हणजे एका पात्याला कंगव्यासारखे दात असतात. काही केस कापले जातात, काही सुटतात. खरोखर तीन आठवडे कळलं नाही. मग जे कापले गेले होते ते आतून ताठ उभे राहिले आणि वरच्या लांब केसांना टेकू देऊ लागले. आधी नुसतं रान होतं, आता त्याला मांडव आला. दाट केस वाढवत असाल तर एवढं ऐका, त्या दातऱ्या कातरीला डोक्याजवळ येऊ देऊ नका.

खरी विद्या दिली ती लेकीनं. ती सातवीत आहे. तोवर मी कपाळापासून कंगवा घालून मागं ओढायचो, मग मानेजवळ तो अडकायचा आणि मी तसाच कंगव्यासकट चहाला बसायचो. "बाबा, आधी टोकं सोडवायची, मग वर-वर यायचं. आणि टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, जुना सुती शर्ट घे." इतकी वर्षं माझं डोकं, आणि त्याची माहिती हिला! समोरच्या बटा डोळ्यांत येतात म्हणून तिनं स्वतःच्या क्लिपाही लावून दिल्या. त्यातली गुलाबी फुलपाखराची एक काढायची राहिली आणि मी तसाच काउंटरला बसलो. एक वयस्कर ठेवीदार मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला आले होते. माझ्याकडं बघत बघत म्हणाले, "राहू दे, मोडूनच द्या." पाठीमागून आमचा शिपाई हळूच म्हणाला, "सर, वाढीव दिसताय."

पण केसांपेक्षा चौकशीनं जास्त छळलं. कुणी विचारी, नाटकात काम करताय का. कुणी आवाज खाली करून, घरात सगळं ठीक आहे ना. टक्कल पडलेल्या मित्रांच्या नजरेत तर सरळ पोटदुखी होती. "हौस म्हणून" हे उत्तर साताऱ्यात चालत नाही. शेवटी एकदा टपरीवर चहा पिताना वैतागून म्हणालो, "तिरुपतीला बोललोय."

सगळे गप्प झाले. एकानं तर हात जोडले. चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. पुढं पंधरा दिवस इतक्या आनंदात गेले, की हे आधीच का सुचलं नाही असं वाटलं. मग बातमी भाजीमंडईतून फिरत फिरत आईपर्यंत पोचली.

"कशापायी बोललास रं? आजारीबिजारी हाईस काय?"

"अगं, उगीच म्हणालो. लोकांची तोंडं बंद करायला."

"तू उगीच म्हणालास. त्यानं ऐकलं आसंल म्हंजे?"

याला उत्तर नव्हतं. तिनं थोरल्याला फोन लावला, नातीची शाळा कधी संपते ते विचारलं, आणि मे महिन्यातली हरिप्रियाची तिकिटं काढायला सांगितली. गाडी कोल्हापूरहून सुटते म्हणजे जाताना अंबाबाईचंही दर्शन होईल, हा तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का.

तिकिटं हातात आली त्याच आठवड्यात, चौदाव्या महिन्यात, माझे सगळे केस पहिल्यांदा एका रबरात मावले. मी आरशासमोर बराच वेळ मान वळवून वळवून बघत राहिलो.

घरात आता केसांवरून कुणी काही बोलत नाही. आई रोज रात्री स्वतः तेल लावून देते, टोकं आधी सोडवते, गळालेला केस कुणाच्या पायाखाली येऊ देत नाही. मी म्हणालो, राहू दे गं, मी लावतो. तर हात बाजूला सारून म्हणाली, "तू हात लावू नगंस. देवाचं हाईत."

परवा तिनं कंगवाही वेगळा काढून ठेवला.