किट कपाटातून बाहेर का येत नाही: एका शिक्षिकेच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मॅडम,

अभियंत्यांनी महिन्यातला एखादा शनिवार जवळच्या शाळेला द्यावा आणि जाताना आर्डुइनोचं किट (संगणकावरून प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि सुटे भाग) न्यावं, असं आम्ही मागच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की असे पाहुणे येतात, तासभर रोबो पळवतात, मुलांबरोबर फोटो काढतात आणि जातात. सोमवारी किट कपाटात जातं ते पुन्हा बाहेर येत नाही. पाहुण्यांना पुस्तकातला धडा ठाऊक नसतो. आणि विज्ञान शिक्षकाची जागा रिकामी असताना फुकटची माणसं येऊ लागली की ती जागा भरायची कुणालाच घाई राहत नाही. शेवटी तुम्ही विचारलंत, "त्यापेक्षा आठवीचा विद्युतचुंबकाचा प्रयोग चाळीस मुलांना एका तासात कसा करता येईल ते सांगा."

त्या प्रश्नाचं उत्तर शेवटी सविस्तर देतो. आधी किटबद्दल, कारण तिथे चूक आमची आहे.

आम्ही किटची किंमत लिहिली, पण ते चालू ठेवायला काय लागतं याबद्दल एक ओळही लिहिली नाही. अटल टिंकरिंग लॅब या केंद्र सरकारच्या योजनेतल्या प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाखांचं अनुदान ठरलं, त्यात १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पुढे पाच वर्षांपर्यंत ती चालवण्यासाठी. म्हणजे उभारायला जेवढं, तेवढंच चालवायला. भेट म्हणून आलेल्या किटमागे चालवण्याचा एक रुपयाही नसतो, आणि ते बंद पडतं ते बहुतेक वेळा अगदी किरकोळ कारणानं. सोबतची यूएसबी केबल हरवते आणि कुणीतरी मोबाइलची नुसती चार्जिंगची केबल जोडतं. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. स्वस्त बोर्डांवर संगणकाशी बोलणारी सीएच ३४० ही चिप असते, शाळेतल्या जुन्या संगणकात तिचा ड्रायव्हर (ती ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) नसतो, आणि तो उतरवून घ्यायला इंटरनेट नसतं. एखादा मुलगा खेळण्यातली मोटर थेट बोर्डाच्या पिनला जोडतो. त्या पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच धारा घ्यावी, ४० ही अगदी टोकाची मर्यादा. मोटर सुरू होतानाच काहीशे मिलिअँपिअर मागते. पिन जळते किंवा बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो. मधे ट्रान्झिस्टर आणि एक डायोड हवा, किंवा मोटर चालवायची एल२९३डी ही चिप. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर रोबो चालवायला घेतला तर काही मिनिटांत तो रेंगाळतो, कारण ती बॅटरी एवढी धारा द्यायला बनलेलीच नाही. तिथे चार पेन्सिल सेल लावावेत.

यातली प्रत्येक गोष्ट माहीतगार माणूस पाच मिनिटांत दुरुस्त करतो, आणि तो शनिवारीच निघून गेलेला असतो. म्हणून आम्ही आता म्हणतो की अभियंत्याचं शाळेतलं खरं काम फळ्यापाशी नाही, कपाटापाशी आहे. शिकवणार तुम्ही. वस्तू चालू राहतील, संपलेला माल पुन्हा येईल आणि अडलं की कुणाला तरी फोन करता येईल, एवढं त्यानं पाहावं.

पण कपाटाला कुलूप लागण्याचं आणखी एक कारण आहे. ते तुम्ही लिहिलं नाहीत, तरी प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे: डेडस्टॉक. भेट आलेलं सगळं किट जडवस्तू संग्रह नोंदवहीत एका ओळीत चढतं, "विज्ञान किट, नग १". उद्या त्यातले दहा एलईडी जळले, तार संपली, तर बदलीच्या वेळी दुसऱ्याकडे कार्यभार (चार्ज) देताना नग अपुरा. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव वर पाठवायचा तर त्याला वेळ किती लागेल सांगता येत नाही. मग कुलूप लावलेलं बरं, असं शिक्षकाला वाटलं तर त्यात त्याचा काय दोष? उपाय देणाऱ्याच्या हातात आहे. देणगीपत्रात वस्तूंच्या दोन याद्या वेगवेगळ्या द्याव्यात. सेल, तार, एलईडी, रोधक, खिळे, टाचण्या, पॉलिश पेपर ही उपभोग्य साहित्याची यादी. त्यावर "वापरून संपण्यासाठी दिले आहे" असं स्पष्ट लिहावं, म्हणजे त्यांची नोंद उपभोग्य साहित्याच्या नोंदवहीत होईल. डेडस्टॉकला मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, पक्कड एवढंच जावं. हे पत्र लिहायला पंधरा मिनिटं लागतात, आणि किट वापरात राहील की नाही हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

मल्टिमीटरचं निघालंच आहे तर तेही सांगतो. स्वस्त मीटरवर १० अँपिअरचं वेगळं छिद्र असतं आणि त्यामागे बऱ्याचदा फ्यूज नसतो. मुलं तिथे वायर खोचून सेलचे व्होल्ट मोजायला जातात, आणि तो सरळ शॉर्ट होतो. त्या छिद्रावर पहिल्याच दिवशी चिकटपट्टी लावून टाका. मीटर बंद करायचा राहिला की आतली बॅटरी उतरते, ती एक जादा ठेवा. आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळे सेल होल्डरमधून काढून वेगळ्या डब्यात ठेवा. जूनमध्ये कपाट उघडल्यावर हिरव्या-पांढऱ्या बुरशीसारखं जे दिसतं ते गळलेल्या सेलचं असतं, आणि त्यानं होल्डरची स्प्रिंग कायमची जाते.

रिकाम्या जागेबद्दल आम्ही पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहोत. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विज्ञान आणि गणिताचा किमान एक शिक्षक असावा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पाहुण्यानं वेळापत्रकातला तास स्वतंत्रपणे घेऊ नये. शिक्षक वर्गात नसतील तर त्यानंही वर्गात थांबू नये. मुलांच्या सुरक्षिततेसाठीही हाच नियम योग्य आहे. पहिल्याच भेटीत मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्रात तसं लिहून द्यावं, आणि जागा रिकामी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात ती मागणी दरवेळी येत राहावी. फोटोंचं सोपं आहे: शाळेची आणि पालकांची परवानगी नसेल तर काढू नयेत.

तज्ज्ञ माणसं शाळेत येऊन उपयोग होतच नाही, हे मात्र पटत नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. १९७८ मध्ये ते जिल्हाभर पसरलं आणि २००२ मध्ये सरकारनं बंद करेपर्यंत चाललं. त्यात विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ होते, अभियंते होते. पण त्यांचा मुख्य भर शिक्षकांची शिबिरं, त्यांच्याबरोबरच्या मासिक बैठका आणि किट यांवर होता; वर्ग शिक्षकच घेत. पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) काम करणारे अरविंद गुप्ता तिथे गेले आणि आठवडे बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या वॉल्व्हट्यूबचे तुकडे व काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या केल्या. ट्यूब सायकलवाल्याकडे मिळते आणि तुटलेली काडी कुणी डेडस्टॉकला मागत नाही. आपल्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमानं १९८३ पासून दुसरी वाट धरली. आठवड्यातला एक दिवस कामातून शिक्षण, आणि शिकवायला गावातलीच हाताला कसब असलेली माणसं. यावरून आमचं एक मत पक्कं झालंय. हिंजवडीहून दोन तास गाडी चालवत येणाऱ्या इंजिनिअरपेक्षा गावातला आयटीआय झालेला वायरमन, मोटर रिवाइंडिंगवाला किंवा डिप्लोमा करून तालुक्याला कामाला असलेली मुलगी शाळेच्या जास्त कामाची. ती मंगळवारीही येऊ शकतात.

शहरातून येणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेदहाला पोचलात तर हातात जेमतेम तास उरतो. त्यापेक्षा केंद्रप्रमुखांशी (आसपासच्या शाळांच्या गटाचे प्रमुख) बोलून महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास मागून घ्यावा. तिथे केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एकत्र भेटतात. प्रयोग त्यांनी स्वतः तिथे करायचा, पाहुण्यानं शेजारी बसायचं.

आता तुमचा प्रयोग. चाळीस मुलं म्हणजे वीस जोड्या. प्रत्येक जोडीला तीन इंची खिळा, २८ गेजची इनॅमलची तांब्याची तार दीड मीटर, एक पेन्सिल सेल आणि वीसेक टाचण्या. तार ३० मीटर लागेल. शंभर ग्रॅमच्या रिळात या गेजची साधारण शंभर मीटर तार असते, म्हणजे एक रीळ चाळीस मुलांच्या तीन वर्गांना पुरतं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते. पुण्यात पासोड्या विठोबापाशी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. दोन्ही टोकांना वीस-वीस सेंटिमीटर मोकळे सोडून खिळ्यावर ऐंशी वेढे एकाच थरात बसतात. तार आदल्या दिवशी कापून ठेवा. तासात कापायला घेतली तर अर्धा तास तिथेच जातो.

निम्म्या जोड्यांचा प्रयोग पहिल्या झटक्यात चालणार नाही, आणि बहुतेकांचं कारण एकच असेल: टोकं खरवडलेली नसतील. इनॅमलचा थर पारदर्शक असतो, तार तांब्यासारखीच दिसते, म्हणून मुलांना ती उघडी वाटते. १२० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्यात टोक धरायचं आणि फिरवत ओढायचं, दोन सेंटिमीटर, सगळ्या बाजूंनी. रंग लालसर-तपकिरीचा फिका गुलाबी झाला की झालं. काडीनं जाळू देऊ नका. धूर वाईट असतो आणि काजळी राहते ती वेगळीच.

दुसरा संशय सेलवर. उतरलेला सेल मल्टिमीटरवर १.४ व्होल्ट दाखवतो आणि फसवतो. कुंतल (खिळ्यावर गुंडाळलेली तार) जोडलेलं असताना मोजा; आकडा नव्या सेलचाही खाली येतो, म्हणून नव्या सेलशी ताडून पाहा, त्याहून बराच खाली गेला तर सेल गेला. तो एवढ्या लवकर का जातो, हे मुलांना आधीच सांगायला हवं. दीड मीटर तारेचा रोध पाव ओहमसुद्धा भरत नाही, म्हणजे हा जवळजवळ शॉर्टच. दोनेक अँपिअर धारा वाहते, सेल आणि तार दोन्ही तापतात. म्हणून एक टोक सेलला चिकटपट्टीनं पक्कं करायचं, दुसरं बोटानं टेकवायचं, तीन म्हणेपर्यंत धरायचं आणि सोडायचं. वीस सेलांबरोबर सहा जादा ठेवा.

तिसरी अडचण पुस्तकाशी भांडणारी आहे. पुस्तक म्हणतं, धारा बंद केली की चुंबकत्व जातं. मुलं तार सोडतात आणि चार-पाच टाचण्या खिळ्याला लटकलेल्याच राहतात. बाईंचं चुकलं की पुस्तकाचं, अशी वर्गात कुजबुज होते. चूक कुणाचीच नाही. खिळा कडक पोलादाचा आहे, आणि कडक पोलाद चुंबकत्व धरून ठेवतं. भिंतीत ठोकायचे काँक्रीटचे खिळे तर हमखास असेच. सुतारकामाचे साधे खिळे घ्या, आणि तेही चुलीत लाल होईपर्यंत तापवून राखेत हळूहळू थंड होऊ द्या. पाण्यात टाकू नका, पुन्हा कडक होतील. एक कडक आणि एक मऊ खिळा शेजारी शेजारी ठेवून कोणत्यावर किती टाचण्या उरतात हे मुलांना मोजायला लावलं, तर कायमचे चुंबक कशाचे करतात या प्रश्नाचं उत्तर त्याच तासात मिळतं. एवढं दाखवायला एकही किट लागत नाही.

पाहुणा वर्गात असेल तर त्याचं काम काय? मागे उभं राहून ज्या जोडीचं अडलंय तिथे जायचं, टोक बघायचं, सेल बदलायचा. स्पष्टीकरण तुमचं. बोलताना त्याच्या तोंडी 'कॉईल' आणि 'व्होल्टेज' येणारच, परीक्षेत मात्र 'कुंतल' आणि 'विभवांतर' येतं. तुमचा तो आक्षेप खरा आहे. येण्याआधी 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा धडा दोनदा वाचून यायचं आणि दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे, ही अट घालायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तुमचा तास कधी आहे ते कळवलंत तर वीस जोड्यांचं साहित्य, वर सांगितलेल्या दोन याद्यांच्या पत्रासह, त्याआधी पाठवू. खिळे तेवढे आदल्या संध्याकाळीच चुलीत घाला, राखेत थंड व्हायला रात्र लागते.