पोट्टे फौजेत काहून जातात, हे मला नका सांगू

आज कोराडी रोडच्या एका लॉनवर लग्न होतं. जेवताना फौजेच्या भरतीचा विषय निघाला आणि वरपक्षाकडचे एक काका म्हणाले, "देशभक्ती वगैरे काही नसते हो. ज्यांना दुसरं काही जमत नाही, ते पोट्टे फौजेत जातात. पगार, कॅन्टीन, पेन्शन. संपलं." आजूबाजूचे हसले. यजमानांकडे पाहून मी गप्प बसले आणि अर्ध्या ताटावरून उठले. घरी आले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहिते.

दुसरं काही जमत नाही? १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत धावलं तर पूर्ण गुण. १० बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढायचं. ९ फुटी खड्डा उडी मारून ओलांडायचा. उंची १६८ सेंटिमीटर, छाती फुगवून ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. मग मेडिकल. तळपाय सपाट निघाला तर घरी. गुडघ्याला गुडघा लागला तर घरी. हे सगळं ज्याला जमतं, त्याला "काही जमत नाही"?

माझा मावसभाऊ काटोलकडचा. संत्र्याची बाग, पण तिच्यावर घर चालेल असं एकही वर्ष मी पाहिलं नाही. फळ धरलं की गळती, गळती थांबली की भाव नाही. पहाटे चारला हा पोट्टा डांबरी रस्त्यावर धावायचा. मावशी भिजवलेले चणे वाटीत घेऊन दारात उभी असायची. मी एकदा विचारलं, काहून रे, फौजच काहून? त्याला देशाबद्दल भाषण देता आलं असतं. तो म्हणाला, "ताई, माह्या बापाले बँकेत कोणी बस म्हणत नाही."

पीककर्जासाठी त्याचे वडील, म्हणजे माझे काका, बँकेत गेले, तेव्हा तो लहानपणी सोबत होता. हातात टोपी घेऊन बाप काउंटरपाशी उभा. तेवढ्यात गावातले रिटायर सुभेदार आले आणि साहेब स्वतः म्हणाले, "या सुभेदारसाहेब, बसा." पोरानं ते पाहिलं. त्याची भरती त्या दिवशीच सुरू झाली असं मी समजते.

आता सांगा, ही देशभक्ती की नोकरी? मला हा प्रश्नच किळसवाणा वाटतो. शिक्षकाला, डॉक्टरला, कलेक्टरला आपण विचारतो का, तुम्ही पगारासाठी आलात की सेवेसाठी? फक्त शेतकऱ्याच्या पोराच्या मनात हात घालून तपासायचा हक्क कोणी दिला आपल्याला? आणि तपासणारे कोण, तर ज्यांची मुलं पुण्यात कंपनीत आहेत ते.

नागपुरात तरी हे कोणी बोलू नये. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. लष्करी शाळेत शिकवायचे. १८९१ साली बाबासाहेब महूच्या छावणीत जन्मले. पलटणीत पोट भरत होतं, अक्षर मिळत होतं आणि ज्या माणसाला गावात सावलीसकट बाजूला व्हावं लागायचं, तो छावणीत ताठ चालत होता. मग इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून लोकांनी अर्ज केले, झगडले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. ती माणसं पगारासाठी झगडली की मानासाठी? दोन्हीसाठी. आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे?

हो, काही पोट्टे केवळ नाइलाजानं जातात. काही ट्रेनिंगमधून पळूनही येतात. भरतीच्या नावावर पैसे खाणारे दलालही आहेत. असतील. त्यानं माझ्या भावाची पहाट खोटी होत नाही.

त्याचं पुढे काय झालं ते ऐका. ग्राउंड निघालं, मेडिकल झालं, लेखी परीक्षा राहिली. कोरोनात ती पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. जून २०२२ मध्ये अग्निपथ, म्हणजे चार वर्षांपुरत्या भरतीची योजना आली आणि जुनी भरती रद्द. मेडिकल पास झालेल्या पोरांना सांगितलं, पहिल्यापासून या. वयाची अट २१ ची, त्या एका वर्षापुरती २३ केली म्हणून हा वाचला. त्याच्यासोबत धावणारे दोघे नाही वाचले. एक आता काटोलला मोबाईलच्या दुकानात आहे. मानकापूरच्या मैदानावर माझ्या भावानं सगळं पुन्हा केलं, तोच खड्डा, तेच बीम. निवड झाल्याचं कळलं तेव्हा काका काही बोलले नाहीत, बागेत जाऊन बसले.

चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ३० टक्के कापून ठेवतात. शेवटी साधारण ११ लाख ७१ हजार हातात. पेन्शन नाही. चारातला एक कायम होईल, तिघं घरी. म्हणजे ज्या पेन्शनवर लग्नातले ते काका हसले, ती या पोरांच्या नशिबात बहुधा नाहीच, आणि तरी पोट्टे धावताहेत. काटोल रोडनं, उमरेड रोडनं पहाटे जाऊन बघा.

त्याची चार वर्षं २०२७ उजाडताना भरतात. फोनवर तो या विषयावर बोलत नाही. संत्र्याचं विचारतो, आईच्या गुडघ्याचं विचारतो. मावशी मात्र मला दर वेळी विचारते, "कायम करतीन ना वं त्याले?" मी काय सांगू?

निमलष्करी दलांत राखीव जागा जाहीर झाल्यात, ठीक आहे. पण सगळे तिथे मावणार नाहीत. माझ्या मित्रयादीत बुटीबोरीत, हिंगण्यात कारखाने असलेले लोक आहेत, मिहानमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेले आहेत. तुम्हाला सरळ विचारते. पंचविशीतला, शिस्तीचा, जड गाडी चालवणारा, रेडिओ सेट सांभाळणारा पोट्टा परत आला, तर त्याला गेटवर शिट्टी देऊन उभं करणार, की आत काम शिकवणार? आत घेणार असाल तर खाली लिहा, मी त्याला आणि त्याच्या मित्रांना तुमचा नंबर देते.