डेपो का स्टँड?

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करून टाका: चूक तुमची आहे. पुण्यात राहता आणि घरात दुचाकी नाही! या शहरातल्या वाहनांनी माणसांना मागे टाकल्याची बातमी २०१८ मध्येच येऊन गेली. म्हणजे हिशेबाने तुमच्या वाटणीची एक गाडी कुठेतरी उभी असणार, बहुधा एखाद्या बसथांब्यावरच. आणि तुम्ही तिला टेकून बसची वाट बघताय.

असो. बसनेच जायचं ठरलंय ना? मग आधी बोलायला शिका. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन शहर बससेवा एकत्र झाल्या आणि पीएमपीएमएल जन्माला आली. पूर्ण नाव पुणे महानगर परिवहन महामंडळ मर्यादित. (यातला ‘मर्यादित’ हा शब्द कंपनी कायद्यातला आहे, त्याचा बसच्या संख्येशी संबंध जोडू नये.) हे नाव थांब्यावर चुकूनही उच्चारू नका. उच्चारलंत की लोक ओळखतात, हा एकतर काल गावाहून आलाय किंवा माहिती अधिकाराचा अर्ज टाकणार आहे. ‘पीएमटी’ म्हणायचं. विलीनीकरणानंतर जन्मलेली कॉलेजातली पोरंसुद्धा पीएमटीच म्हणतात. त्यांना कोणी शिकवलं नाही, ते घरातून आलंय.

आणि खरं तर सगळंच घरातून यावं लागतं. आपली शहर बस ही मौखिक परंपरा आहे. पाट्या असतात, पण ज्याला आधीच माहीत आहे त्याची खात्री पटावी म्हणून. ज्याला माहीत नाही त्याने पाटी वाचली तर त्याचा गोंधळ वाढतो, आणि त्याला जबाबदार तो स्वतः. उदाहरणार्थ, बसवर लिहिलेलं असतं ‘मनपा’. दोन दिवसांपूर्वी लातूरहून आलेल्या माणसाने यातून काय समजावं? शहर महापालिकेचं, बस महापालिकेची, म्हणून मालकाचं नाव लिहिलं असेल असं त्याला वाटतं आणि तो बस सोडून देतो. मनपा हे ठिकाण आहे. महापालिकेच्या इमारतीशेजारी बस जिथे संपतात आणि जिथून सुटतात, ते ठिकाण. तसंच ‘गाडीतळ’ म्हणजे हडपसर. स्वारगेटला गेट शोधू नये. नळ स्टॉपला नळ शोधू नये, पाणी घरून न्यावं.

शिवाजीनगरचं एसटी स्टँड शिवाजीनगरला शोधू नये, कारण मेट्रोच्या कामासाठी ते २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेलं. अजूनही कोणी ‘शिवाजीनगर स्टँडला सोड’ म्हणालं, तर त्याला नाशिकची एसटी पकडायची आहे की जुन्या आठवणी काढायच्या आहेत, हे तुम्ही चेहऱ्यावरून ओळखायचं.

वडगावचं मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. वडगाव बुद्रुक आहे, वडगाव धायरी आहे, ही दोघं शेजारी-शेजारी सिंहगड रस्त्यावर. वडगाव शेरी आहे, ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नगर रस्त्याच्या बाजूला. शिवाय तळेगावच्या पुढे वडगाव मावळ आहे. तुम्हाला लग्नपत्रिकेत नुसतं ‘वडगाव’ आलं असेल, तर कार्यालय शोधत बसू नका. आहेराचं पाकीट ऑनलाइन पाठवा.

आता उभं कुठे राहायचं? ‘थांबा’ हा शब्द शाळेत नाम म्हणून शिकवतात. रस्त्यावर ते आज्ञार्थी क्रियापद आहे आणि ती आज्ञा बसला नसून तुम्हाला आहे. थांब्याच्या छपराखाली उभं राहू नका. तिथे रिक्षा उभ्या असतात, वडापावची गाडी असते, आणि कोणातरी भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा एवढा मोठा फ्लेक्स असतो की त्याच्या मागून बस दिसत नाही, बसला तुम्ही दिसत नाही. जुने लोक कुठे उभे आहेत ते बघा. पानाच्या टपरीजवळ, थांब्यापासून वीसेक पावलं पुढे, थोडे रस्त्यात. बस तिथेच थांबते. का, ते विचारू नका. मौखिक परंपरेत ‘का’ नसतो.

काही रस्त्यांवर थांबा कडेला नसून रस्त्याच्या मधोमध असतो. ती बीआरटी. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या रस्त्यावर तिची सुरुवात झाली तेव्हा देशातला पहिला प्रयोग म्हणून आपण केवढे फुगलो होतो! बसला आपला वेगळा मार्ग, दार उजवीकडे. नंतर कुठे मार्ग राहिला आणि बस कडेने जाऊ लागली, कुठे बस राहिली आणि मार्गात मोटारी शिरल्या, नगर रस्त्यावर तर मार्गाचा मोठा भाग उखडूनच टाकला. तुम्ही डांबरावर अशा जागी उभे राहा की दोन्हीकडे पळता येईल. वयाची साठी ओलांडलेल्यांनी एका बाजूला नातू उभा करावा.

परतीचा थांबा हा अनुभवी माणसाचाही कस पाहतो. बाहेरगावचे लोक सरळ मनाचे असतात. ज्या थांब्यावर उतरलो त्याच्या समोर, रस्ता ओलांडला की, परतीची बस मिळेल अशी त्यांची समजूत असते. स्वारगेटहून निघालात तर बस बाजीराव रस्त्याने येऊन तुम्हाला शनिपारला सोडेल. समोर जाऊन उभे राहिलात तर संध्याकाळपर्यंत उभे राहाल. बाजीराव रस्ता एकेरी आहे, परतीची बस शिवाजी रस्त्याने, मंडईवरून जाते. तिथपर्यंत चालत जायचं. आणि या दोन रस्त्यांच्या मध्ये काय आहे? तुळशीबाग. शहराची रचना कोणी विचारपूर्वक केली नाही असं म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीवर मनन करावं. आमच्या घरी शनिपारच्या फेरीचा जमाखर्च असा लिहितात: जाण्याचं तिकीट १० रुपये, येण्याचं तिकीट १० रुपये, एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जाण्याचा खर्च ६४० रुपये. त्यात पितळी निरांजन आणि चिमट्यांचं एक पाकीट आलं. चिमटे घरात आधीच दोन डझन होते.

तिकिटाचा विषय निघालाच आहे तर सुट्ट्या पैशांचंही सांगून टाकतो. पूर्वी पाचच्या पटीत भाडं होतं आणि पाच रुपयांच्या नाण्यावरून रोज महाभारत व्हायचं. ‘सुट्टे द्या’, ‘नाहीत हो’, ‘मग उतरताना घ्या’, आणि उतरताना कंडक्टर बसच्या दुसऱ्या टोकाला. १ जून २०२५ ला हा प्रश्न मुळापासून सोडवण्यात आला. भाडंच वाढवलं. पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, पुढे दहा किलोमीटरपर्यंत २०, मग ३०. पाचचं नाणं लागतच नाही. असा सुटसुटीत तोडगा एखाद्या व्यवस्थापन संस्थेत शिकवायला हवा.

त्याच दिवशी दिवसभराचा पास ४० रुपयांवरून ७० वर गेला. तुम्ही नवखे असाल तर तो घ्याच. त्याला प्रवासाचा पास समजू नका, तो चुकण्याचा परवाना आहे. चुकीच्या बसमध्ये चढा, उतरा, उलट्या दिशेने जा, पुन्हा उतरा. तिसऱ्या चुकीपासून पैसे वसूल व्हायला लागतात.

आणि मोबाइलमधलं ॲप? आहे ना. महामंडळाचं स्वतःचं आहे, बस नकाशावर सरकताना दिसते. ॲपचा खरा उपयोग सामाजिक आहे. तुमच्या हातात फोन बघून शेजारचे आजोबा विचारतात, ‘येतीय का हो?’ तुम्ही फोनवर बोट फिरवता, नकाशा मोठा करता, लहान करता, आणि शेवटी आजोबांनाच विचारता, ‘नेहमी किती वाजता येते?’ आजोबा घड्याळ बघतात. मग दोघं मिळून टपरीवाल्याला विचारता. तो चुना मळता मळता सांगतो, ‘आत्ताच गेली.’ फोन, घड्याळ आणि टपरी यांत टपरीचं ऐकायचं. तो सकाळपासून तिथे आहे.

विचारायचं कोणाला, हेही एक शास्त्र आहे. कानात इअरफोन असलेल्याला विचारू नये. ज्याच्या हातात नकाशा आहे त्याला तर नाहीच. पिशवीतून मेथीची जुडी डोकावणाऱ्या काकूंना विचारावं. त्या आधी तुम्ही कोणाकडे चाललात ते विचारतील, मग कशासाठी, मग तुम्हाला सांगतील की त्या घरी जायची ही वेळच नाही. एवढं झाल्यावर बसचा नंबर मिळतो आणि तो बरोबर असतो. पुरुषांना विचारलंत तर लगेच उत्तर मिळतं. पुणेकर पुरुषाला ‘मला माहीत नाही’ हे वाक्य येत नाही, त्यामुळे तो अत्यंत ठामपणे एक दिशा दाखवतो. ती दिशा बऱ्याचदा त्याच्या घराची असते.

बस आली. आता घाईने प्रश्न विचारायचा असतो आणि इथेच नवखा माणूस स्वतःला उघडा पाडतो. तो विचारतो, ‘कोथरूडला जाते का?’ हा प्रश्नच चूक आहे. कोथरूड डेपो वेगळा, कोथरूड स्टँड वेगळा, आणि दोन्हीकडे जाणाऱ्या बस वेगळ्या. कंडक्टर तुमच्याकडे एकदा बघतो. डॉक्टर जसे ‘पोटात दुखतं’ म्हणणाऱ्याकडे बघतात तसं. आणि म्हणतो, ‘डेपो का स्टँड?’ तुम्ही गोंधळता. तुमच्याकडे पत्ता आहे, त्यात सोसायटीचं नाव आहे, मजला आहे, ‘मारुती मंदिराजवळ’ आहे. डेपो का स्टँड ते नाही. तुम्ही ‘म्हणजे...’ असं म्हणेपर्यंत दोनदा घंटी वाजलेली असते.

किंवा बस खचाखच भरलेली असते आणि दारातून आवाज येतो, ‘मागं रिकामी येतीय!’

या मागून येणाऱ्या रिकाम्या बसबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. ती आजवर कोणीही पाहिलेली नाही, पण तिच्यावर अविश्वास दाखवणाराही मला भेटलेला नाही. माणूस ते वाक्य ऐकतो, पायरीवरचा पाय खाली घेतो आणि रस्त्याच्या टोकाकडे बघू लागतो. त्याला ती दिसतेच: खिडकीची जागा, पंख्यासारखा वारा, सुट्टे पैसे हातात घेऊन हसतमुख कंडक्टर. मी स्वतः डेक्कनला एकदा असा तीन वेळा पायरीवरचा पाय खाली घेतलेला आहे. चौथ्या वेळी चढलो तेव्हा आतून कंडक्टर कोणाला तरी तेच सांगत होता, आणि मला मनापासून वाटलं, आपण उगाच चढलो, मागची घ्यायला हवी होती.

चढलातच, तर मागच्या दाराने चढून पुढच्या दाराने उतरायचं, हा नियम. नवीन गाड्यांमध्ये दारांच्या जागा बदलल्यात, पण माणसं जुनीच आहेत, त्यामुळे ज्या दाराने सगळे घुसताहेत ते चढायचं दार समजा. डावीकडची रांग बायकांची. तिथे बसलेल्या पुरुषाला उठवायला कंडक्टर लागत नाही, एक खाकरणं पुरतं.

उतरण्याची तयारी दोन थांबे आधी सुरू करा. समोरच्याच्या खांद्यामागून विचारा, ‘उतरताय का?’ तो ‘नाही’ म्हणाला तर त्याने तुम्हाला वाट द्यायची. तो ‘हो’ म्हणाला तर तो हीच चौकशी त्याच्या पुढच्याकडे करतो, आणि असा निरोप दारापर्यंत जातो. बाहेर बघून काही कळत नाही. खिडकीबाहेर कोणाची तरी पाठ असते आणि तुमच्या नाकासमोर कोणाची तरी काख. आपला थांबा आला हे वळणावरून ओळखायचं. अलका टॉकीजच्या चौकात बस जशी कलते तशी दुसरीकडे कुठे कलत नाही. जाणकार माणूस झोपेतही दांडेकर पुलाला जागा होतो, ते याच बळावर.

सहा महिने जातील. तुम्हाला कोणी काही शिकवलेलं नसेल, तरी तुम्ही थांब्याच्या छपराकडे न बघता टपरीपाशी जाऊन उभे राहायला लागाल. फोन खिशातच राहील. दुचाकी घ्यायचा विचार तीनदा आला असेल आणि तिन्ही वेळा पेट्रोलचा भाव बघून गेला असेल.

मग एका संध्याकाळी पाठीवर सॅक घेतलेला एक मुलगा फ्लेक्सच्या मागून बाहेर येईल. त्याच्या फोनवर नकाशा उघडा असेल. तो तुमच्याकडे येऊन अगदी अदबीने विचारेल, ‘काका, कोथरूडला इथूनच जाते ना?’

तुम्ही त्याच्याकडे एकदा बघाल. घाई करणार नाही. चष्मा जरा वर सरकवाल.

‘डेपो का स्टँड?’