‘सांध्यातलं इंजेक्शन म्हणजे विष’ : मावशीपर्यंत पोहोचलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात बुधवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. “उद्याचं इंजेक्शन रद्द करतेय मी. तो मेसेज वाचलास का?” वाचला होता. माझ्याकडे तो तिसऱ्यांदा आला होता. सांध्यात घेतात त्या कॉर्टिसोनच्या, म्हणजे दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या, इंजेक्शनबद्दल पाच ‘सत्यं’, आणि खाली ‘आपल्या माणसांना वाचवायचं असेल तर पुढे पाठवा’. मावशी अडुसष्ट वर्षांची. तिला मधुमेह आहे. उजवा गुडघा सुजल्यामुळे महिनाभर एकेक पायरी करत जिना चढतेय. कितीतरी दिवसांनी मनाची तयारी केली होती, ती या मेसेजने एका रात्रीत घालवली. म्हणून हे लिहितेय. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनी तर वाचाच.

सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करते, कारण तो जीवावर बेतू शकतो. त्यात म्हटलंय : ‘इंजेक्शननंतर चार दिवसांनी सांधा लाल झाला, सुजला, ताप आला तर घाबरू नका. शरीर विष बाहेर टाकत आहे. डॉक्टरकडे गेलात तर ते आणखी स्टेरॉइड टोचतील. मिठाच्या गरम पाण्याने शेका, आठवडाभर थांबा.’

आठवडाभर थांबा! हे लिहिणाऱ्याने सांध्यात पू झालेला माणूस पाहिलेला नाही. सुई सांध्यात जाते तेव्हा तिच्याबरोबर जंतू आत जाण्याचा धोका असतो. तो फार थोडा आहे, हजारो इंजेक्शनांमागे एखाद्याला असं होतं. म्हणून तर आधी त्वचा जंतुनाशकाने नीट पुसतात. पण ज्याला होतं त्याच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे आपण जिला ‘गादी’ म्हणतो ती, काही दिवसांतच कायमची खराब होऊ शकते. जंतू रक्तात पसरले तर प्रश्न नुसत्या गुडघ्याचा राहत नाही. त्यावर उपाय म्हणजे सांध्यातलं पाणी काढून तपासणं, शिरेतून अँटिबायोटिक देणं, बऱ्याचदा ऑपरेशन करून सांधा धुणं. हे सगळं तातडीने व्हावं लागतं. मेसेज नेमका तोच वेळ घालवायला सांगतो. डॉक्टर आणखी स्टेरॉइड टोचतील ही भीतीही उलटी आहे. जंतुसंसर्गाची शंका असलेल्या सांध्यात स्टेरॉइड देतच नाहीत.

घोटाळा कुठे होतो तेही सांगते, कारण मावशीही तिथेच घाबरली होती. इंजेक्शननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत काही जणांचं दुखणं खरंच वाढतं. औषधाचे बारीक कण सांध्याच्या आतल्या अस्तराला टोचल्यासारखे होतात आणि ते चिडतं. हे काही तासांत सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. बर्फाने शेकायचं, सांध्याला आराम द्यायचा, डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी घ्यायची. जंतुसंसर्गाचं तसं नसतं. तो दर दिवशी वाढत जातो. सांधा गरम लागतो, हलवला तरी सहन होत नाही, थंडी वाजते. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कारण तो प्रत्येकाला येतोच असं नाही. तीन दिवसांनंतरही दुखणं कमी होण्याऐवजी वाढतच असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्र असली तरी.

आणखी एक गोष्ट आधी माहीत असली की निम्मी भीती जाते. स्टेरॉइडबरोबर बहुतेक वेळा बधिर करणारं औषधही देतात. त्यामुळे लगेच हलकं वाटतं, काही तासांनी तो परिणाम उतरतो आणि जुनं दुखणं परत येतं. तेव्हा लोकांना वाटतं की इंजेक्शन फुकट गेलं. स्टेरॉइडचा गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, कधी आठवडा.

पाचवा मुद्दा मधुमेहाचा : ‘साखरेच्या गोळ्या आणि हे इंजेक्शन एकत्र आले की किडनी जाते, म्हणून त्या आठवड्यात गोळ्या बंद ठेवा.’ वाचून माझा संताप झाला. औषध सांध्यात दिलं तरी थोडं रक्तात उतरतं आणि मधुमेह असलेल्यांची साखर काही दिवस, कधी आठवडाभर, चढी राहते. म्हणजे गोळ्या सर्वांत जास्त लागतात त्याच दिवसांत हा मेसेज त्या बंद करायला सांगतो. करायचं ते असं : मधुमेह आहे हे आधी सांगायचं, इंजेक्शननंतर नेहमीपेक्षा जास्त वेळा साखर तपासायची, इन्शुलिन घेत असाल तर डोस बदलायचा का ते डॉक्टरांना विचारायचं. मनाने काही बंद करायचं नाही.

पहिला मुद्दा, ‘हे शरीर कमावणाऱ्यांचं स्टेरॉइड आहे’. नाही. ते पुरुषी हार्मोनच्या जातीचं असतं. हे आपल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रोज तयार करतात त्या कॉर्टिसोलच्या जातीचं आहे, दाह कमी करणारं.

दुसरा मुद्दा, ‘एकदा घेतलं की सवय लागते’. गुण काही आठवडे ते काही महिने टिकतो. खालची झीज तशीच असते, म्हणून दुखणं परत येतं आणि माणूस परत दवाखान्यात जातो. याला सवय म्हणत नाहीत. काहींना गुण येतच नाही, हेही खरं.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मला थोडं मागे यावं लागतं. ‘इंजेक्शनने गादी विरघळते’ यातलं ‘विरघळते’ खोटं आहे, पण त्यामागची काळजी अगदीच निराधार नाही. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. गुडघ्याची झीज आणि सूज असलेले १४० रुग्ण. निम्म्यांना दर १२ आठवड्यांनी ४० मिलीग्रॅम ट्रायमसिनोलोन (याच जातीचं स्टेरॉइड), निम्म्यांना नुसतं सलाइन, अशी दोन वर्षं. स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटर कमी झाली, सलाइनवाल्यांची ०.१०. आणि दुखण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुखणं दर तीन महिन्यांनी मोजलं होतं, त्यामुळे मधल्या काही आठवड्यांचा आराम त्यात निसटला असू शकतो. पण कूर्चेचा आकडा आहे तो आहे. ठरावीक मुदतीने वर्षानुवर्षं टोचत राहू नये, हे यातून घ्यायचं. एरवीही एका सांध्यात वर्षाला तीन-चारच्या वर इंजेक्शनं सहसा देत नाहीत, आणि दोन इंजेक्शनांत तीनेक महिन्यांचं अंतर ठेवतात. हा अभ्यास दोन वर्षं सतत घेतलेल्या इंजेक्शनांचा आहे. सुजलेल्या गुडघ्यात घेतलेल्या एका इंजेक्शनाला त्यावरून विष ठरवता येत नाही.

सावध करायचंच होतं, तर उपयोगाचं लिहायचं होतं. सांधा बदलण्याचं ऑपरेशन ठरत असेल तर आधीच्या तीन महिन्यांत हे इंजेक्शन टाळतात, कारण ऑपरेशननंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. अंगात ताप असेल, त्या जागी जखम किंवा पुरळ असेल तर इंजेक्शन पुढे ढकलायचं. टोचलेल्या जागी त्वचा थोडी फिकट पडू शकते, खळगा पडू शकतो. काहींचा चेहरा एक-दोन दिवस लाल होतो, ती लाली आपोआप जाते. यातलं एक अक्षर त्या मेसेजमध्ये नाही.

मावशीने गुरुवारी इंजेक्शन घेतलं. रात्री गुडघा ठणकला, तिने बर्फ लावला. शुक्रवारी संध्याकाळी साखर २४६ भरली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती घाबरली नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या, चौथ्या दिवशी साखर नेहमीवर आली. सूज उतरली तसे मांडीचे व्यायाम सुरू केलेत, कारण दुखणं कमी आहे तेवढ्याच दिवसांत ते नीट होतात. मेसेज ज्या मैत्रिणीने पाठवला होता तिला तिने काल फोन केला. तिच्या नवऱ्याला पुढच्या सोमवारी खांद्यात हेच इंजेक्शन आहे. मावशीने तिला चौथा मुद्दा मोठ्याने वाचायला लावला आणि ‘ताप आला तर शेकत बसू नकोस, गाडी काढ’ असं तीनदा सांगितलं.